प्युबर्टी ब्लॉकर, पस्तावा आणि पंधराव्या वर्षीची संमती

प्रश्न थोडक्यात असा. इंग्लंडमध्ये रेडिंगला राहणारी एक मराठी आई लिहिते: जन्मदाखल्यावर मुलगी अशी नोंद असलेलं तिचं पंधरा वर्षांचं लेकरू गेली दोन वर्षं स्वतःला मुलगा म्हणवतं. शाळेत नाव बदललं आहे, घरात 'मी येतो, मी जेवतो' असं बोलतं. ऑटिझमची तपासणी प्रतीक्षायादीत अडकली आहे. साताऱ्याचे सासू-सासरे म्हणतात, इकडे आणा, आम्ही ठीक करतो. ओळखीतले एक पालक सांगतात, औषधं मिळाली नाहीत तर मूल हातचं जाईल. दुसरे सांगतात, औषधं दिलीत तर विशीत पस्तावेल. तिने तीन गोष्टी विचारल्या आहेत. सही कोणाची लागते? इंग्लंडने ब्लॉकर बंद केले ते पुराव्यावरून की राजकारणातून, आणि ते भारतातून मागवता येतील का? आणि औषधं घेऊन मग परत फिरणारे नेमके किती असतात?

ताई, मी बालमानसोपचारतज्ज्ञ आहे. शिक्षण मुंबईत झालं, पुढची सगळी नोकरी इथे एनएचएसमध्ये, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेत, तिच्या कॅम्स या मुलांच्या मानसिक आरोग्य विभागात. जेंडर क्लिनिकमध्ये मी कधी काम केलेलं नाही. पण तिथे जाणारी मुलं आधी आमच्यासारख्यांकडे येतात आणि तिथून बाहेर पडल्यावर त्यातली काही पुन्हा आमच्याकडेच येतात. त्यामुळे पुढे जे लिहितो आहे ते त्या दाराच्या अलीकडून पाहिलेलं आहे, हे धरून वाचा.

तुमच्या क्रमाने जात नाही. आधी औषधाचं बोलू, कारण वर्तमानपत्रांतली निम्मी भांडणं तुमच्या लेकराला लागूच नाहीत.

प्युबर्टी ब्लॉकर म्हणजे ट्रिप्टोरेलिन किंवा ल्यूप्रोरेलिनसारखं इंजेक्शन. मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीकडून अंडाशयाला किंवा वृषणाला जो निरोप जातो तो हे औषध बंद पाडतं, आणि वयात येणं जागच्या जागी थांबतं. हे औषध नवीन नाही. सहा-सात वर्षांच्या मुलीला स्तनांची वाढ सुरू झाली, पाळी येण्याची चिन्हं दिसली, तर बालरोगतज्ज्ञ हेच देतात, पुण्यातही आणि लंडनमध्येही. तिथे योग्य वय झालं की इंजेक्शन थांबवतात आणि शरीर आपल्या वाटेने पुढे जातं. जेंडर क्लिनिकमध्ये मात्र ते नैसर्गिक वेळेला सुरू झालेलं वयात येणं थांबवायला दिलं जायचं. औषध तेच, पण प्रश्न वेगळा. म्हणून 'लहान मुलींना वर्षानुवर्षं देतातच की' हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे.

आता तुमचं लेकरू पंधराचं. पाळी सुरू होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील, उंची जवळजवळ भरली असेल, छाती वाढलेली असेल. ब्लॉकरने यातलं काहीच मागे जात नाही. या वयात त्याने मुख्यतः पाळी थांबते, सोबत घाम फुटणं, मूड खालावणं असे त्रास होतात, आणि हाडं ज्या वयात भक्कम व्हायची त्याच वयात ती भर मंदावते. पाळी थांबवणं एवढंच हवं असेल तर त्याला साधे उपाय आहेत. घरात गणपती-सत्यनारायण असला की पाळी पुढे ढकलायच्या ज्या गोळ्या आपल्याकडे बायका घेतात, त्यातलं नॉरएथिस्टेरॉन इथेही मिळतं. मधे खंड न देता घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्याही आहेत. कोणत्या मुलाला काय चालेल ते जीपीने, म्हणजे तुमच्या नेहमीच्या डॉक्टरने, तपासून ठरवायचं. माझा अनुभव असा, की दर महिन्याला चार दिवस शाळा बुडवणाऱ्या, रात्रभर रडणाऱ्या मुलाची पाळी थांबली की घरातलं तापमान निम्म्यावर येतं. मग बाकीचं शांतपणे बोलता येतं. यासाठी जेंडर क्लिनिकची वाट पाहायची गरज नाही, आणि आश्चर्य म्हणजे हे बहुतेक पालकांना कोणी सांगितलेलंच नसतं.

इंग्लंडने ब्लॉकर का बंद केले, याची गोष्ट अॅमस्टरडॅमपासून सुरू होते. तिथल्या डॉक्टरांनी नव्वदच्या दशकात एक पद्धत बसवली: बारा वर्षांच्या पुढे ब्लॉकर, सोळाला हव्या त्या लिंगाचे हार्मोन (टेस्टोस्टेरॉन किंवा इस्ट्रोजेन), अठराला शस्त्रक्रिया. पण निवड कडक होती. लहानपणापासून सातत्याने तीच भावना हवी, दुसरा गंभीर मानसिक आजार नको, घरचे पाठीशी हवेत. २०११ साली त्यांनी अशा ७० मुलांचे निष्कर्ष छापले आणि ते आशादायक होते. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेतल्या जीआयडीएस या सेवेने त्याच वर्षी १२ ते १५ वयाच्या ४४ मुलांवर आपला अभ्यास सुरू केला. निष्कर्ष हाती यायच्या आधीच, २०१४ पासून, तीच पद्धत अभ्यासाबाहेरच्या मुलांनाही लागू झाली. निष्कर्ष छापून आले २०२१ मध्ये. ४४ पैकी ४३ मुलं पुढे हार्मोनवर गेली. मानसिक आरोग्याच्या मोजमापांत म्हणावा असा फरक दिसला नाही, सुधारणा नाही आणि बिघाडही नाही.

या ४३ च्या आकड्यावर दोन्ही बाजू आपापले झेंडे रोवतात. एक म्हणते, बघा, निवड किती अचूक होती. दुसरी म्हणते, पालकांना सांगितलं होतं की हा नुसता विचार करायला मिळालेला वेळ आहे, आणि प्रत्यक्षात तो पुढच्या औषधाचा जिना निघाला. त्या ४४ मुलांना तोलायला दुसरा गटच नव्हता, त्यामुळे यातलं कुठलं खरं हे त्या अभ्यासातून ठरतच नाही. माझ्या दृष्टीने संमतीचा सगळा पेच इथे आहे. ज्या औषधानंतर जवळजवळ सगळेच पुढची पायरी चढतात, त्या औषधाला 'हो' म्हणताना मूल नक्की कशाकशाला 'हो' म्हणत असतं?

दरम्यान येणारी मुलंही बदलली. २०११-१२ मध्ये या सेवेकडे वर्षाला जेमतेम २५० मुलं पाठवली जात होती, २०२१-२२ मध्ये ५,००० च्या वर. पूर्वी जन्माने मुलगे जास्त असत, नंतर बहुसंख्य जन्माने मुली, त्यांना वयात येताना हा त्रास सुरू झालेला, आणि सोबत नैराश्य, खाण्याचे विकार, ऑटिझम यांचं प्रमाण मोठं. अॅमस्टरडॅमच्या कडक चाळणीतून ज्या मुलांना बाजूला ठेवलं असतं, त्यांनाच अॅमस्टरडॅमचे निष्कर्ष लावले जात होते. ही वाढ का झाली? समाज मोकळा झाला म्हणून, की मोबाइल आणि मैत्रिणींचा प्रभाव म्हणून? दोन्ही कारणं ठासून सांगणारे मला रोज भेटतात. माझ्या खोलीत बसलेल्या एका मुलाच्या बाबतीत मात्र ती आकडेवारी काहीच ठरवत नाही.

आता सहीकडे येतो.

इंग्लंडमध्ये सोळा पूर्ण झालेल्या मुलाची उपचाराला दिलेली संमती १९६९ च्या कायद्याने प्रौढासारखीच धरली जाते. सोळाच्या आत गिलिक निकाल लागू. १९८५ चा हा निकाल. व्हिक्टोरिया गिलिक या आईने मागणी केली होती की तिच्या सोळाखालच्या मुलींना तिच्या परवानगीशिवाय डॉक्टरांनी गर्भनिरोधक देऊ नयेत. हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयात, ती तीन विरुद्ध दोन मतांनी हरली. न्यायाधीशांनी सांगितलं, मुलाला प्रस्तावित उपचार पुरेसा समजत असेल, तेवढी अक्कल आणि परिपक्वता असेल, तर त्याची संमती चालते. वयाचा आकडा नाही दिला. समज दर उपचारागणिक वेगळी पाहायची. हात मोडल्यावर प्लास्टर घालायला जी समज पुरते ती इथे पुरणार नाही, हे उघड आहे.

जीआयडीएसची पूर्वीची रुग्ण कीरा बेल हिने हाच मुद्दा कोर्टात नेला. तिला सोळाव्या वर्षी ब्लॉकर, सतराव्या वर्षी टेस्टोस्टेरॉन मिळालं, विसाव्या वर्षी दोन्ही स्तन काढले, आणि त्यानंतर तिला वाटलं की आपण स्त्रीच आहोत. १ डिसेंबर २०२० रोजी हायकोर्टाने तिच्या बाजूने निकाल दिला: तेरा किंवा त्याखालचं मूल अशी संमती देऊ शकेल हे फारच अशक्य, चौदा-पंधराबद्दल शंका, आणि सोळा-सतरालाही डॉक्टरांनी कोर्टाची परवानगी घेणं बरं. मुलाला काय काय कळलं पाहिजे याची यादीही कोर्टाने दिली होती: बहुतेक मुलं पुढे हार्मोनवर जातात हे, मूल होण्याची क्षमता जाऊ शकते हे, लैंगिक सुखावर आणि पुढच्या नात्यांवर काय परिणाम होईल हे, आणि पुरावाच मुळात अनिश्चित आहे हे.

१७ सप्टेंबर २०२१ ला अपील कोर्टाने हा निकाल फिरवला. कारण समजून घ्या, कारण इथेच फसगत होते. उपचार चांगला आहे असं अपील कोर्टाने म्हटलं नाही. कोणत्या वयाला काय समजतं याचे ठोकताळे घालून देणं कोर्टाचं काम नाही, ते त्या त्या मुलासमोर बसलेल्या डॉक्टराचं आहे, आणि त्यात चुकला तर तो जबाबदार आहे, असं म्हटलं. मधल्या काळात, मार्च २०२१ मध्ये, एका वेगळ्या प्रकरणात हायकोर्टाने सांगितलं होतं की पंधरा वर्षांच्या मुलासाठी आईवडीलही संमती देऊ शकतात.

म्हणजे तुमच्या प्रश्नाचं कायदेशीर उत्तर असं: पंधराव्या वर्षी समज पुरेशी असेल तर लेकराची सही चालते, तुमचीही चालू शकते. व्यवहारात कुठलीही शहाणी टीम एवढ्या मोठ्या गोष्टीत दोघांचंही मन जुळल्याशिवाय पुढे जात नाही. आणि साताऱ्याला कोणी म्हणालं की घरातलं वडीलधारं सही करतं तर करतंच, तर त्यांना भारताच्या सर्वोच्च न्यायालयाचा २००८ चा समीरा कोहली निकाल सांगा. बेशुद्ध असलेल्या प्रौढ मुलीच्या वतीने आईकडून परवानगी घेऊन डॉक्टरांनी गर्भाशय आणि अंडाशय काढले होते. कोर्टाने ती संमती ग्राह्य धरली नाही. मुलगी शुद्धीवर आल्यावर तिला विचारता आलं असतं, असं म्हटलं. अल्पवयीनांचं भारतात वेगळं आहे, तिथे अठरापर्यंत पालकांचीच सही घेतात. पण आईची सही म्हणजे लेकीची सही, असं भारतातही नाही.

कायद्याने सहीचा प्रश्न सुटतो. समजेचा प्रश्न माझ्या खोलीतच राहतो.

माझी पद्धत अशी. मी आधी सगळं समजावतो, मग म्हणतो, आता हेच तू मला सांग, मला यातलं काही माहीत नाही असं समज. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून दोन प्रसंग सांगतो. एका चौदा वर्षांच्या मुलाला मूल होण्याच्या क्षमतेबद्दल विचारलं. उत्तर आलं, "मला मुलं नकोच आहेत, विषय संपला." हे उत्तर चुकीचं नाही. चौदाव्या वर्षी मीही हेच म्हणालो असतो. पण जे आज नको आहे ते तिशीत हवंसं वाटेल अशी कल्पनाच त्याला करता येत नव्हती, ती बुद्धीची नव्हे, वयाची मर्यादा होती. दुसऱ्या प्रसंगी साडेसोळाचं एक मराठी लेकरू, सोबत वडील. वडील प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते. त्यांना टेस्टोस्टेरॉनचा एक परिणाम सांगा म्हटलं तर सांगता येईना. लेकरू म्हणालं, "आवाज फुटेल, तो परत पातळ होणार नाही. नाशिकच्या आजीशी मी दर रविवारी बोलतो. तिला काय सांगायचं ते मी अजून ठरवलेलं नाही, तोवर सुरू करायला नको." ते उत्तर ऐकून मी टिपणात लिहिलं, की या मुलाला समजलं आहे. कायम टिकणारी गोष्ट त्याने स्वतःच्या आयुष्यातल्या एका नेमक्या माणसाशी जोडून पाहिली होती.

आणि संमतीची दुसरी बाजू डॉक्टरची असते. २०१५ च्या माँटगोमेरी निकालापासून ब्रिटनमध्ये नियम आहे की या रुग्णाला महत्त्वाचा वाटेल असा प्रत्येक धोका डॉक्टरने सांगायचा, डॉक्टरमंडळींना काय सांगण्यासारखं वाटतं ते पुरत नाही. पण धोका किती हेच कोणी मोजलेलं नसेल तर? तर 'आम्हाला माहीत नाही' हे वाक्यही माहितीचाच भाग आहे, आणि ते स्पष्ट शब्दांत, लेखी, मुलाला आणि पालकांना मिळालं पाहिजे. माझं मत विचाराल तर या सगळ्या वादात डॉक्टरांचा खरा कमीपणा इथे आहे. औषध दिलं की नाही यापेक्षा, 'माहीत नाही' म्हणायला जीभ रेटली नाही.

या सेवेच्या तपासणीसाठी एनएचएसने नेमलेल्या बालरोगतज्ज्ञ डॉ. हिलरी कास यांचा अहवाल एप्रिल २०२४ मध्ये आला, ३८८ पानांचा. त्याच्यासाठी यॉर्क विद्यापीठाने जगभरचे अभ्यास तपासले: ब्लॉकरवरचे ५०, हार्मोनवरचे ५३. प्रत्येकी फक्त एक अभ्यास उच्च दर्जाचा ठरला. त्यावरून कोणी पसरवलं की कास यांनी ९८ टक्के अभ्यास फेकून दिले. खोटं आहे. मध्यम दर्जाचेही धरले होते, मिळून ६० अभ्यासांवर निष्कर्ष काढले. उलट्या बाजूने कोणी पसरवलं की कास यांनी औषधं घातक असल्याचं सिद्ध केलं. तेही खोटं. 'फायदा दाखवणारा पुरावा कमकुवत आहे' एवढंच अहवाल म्हणतो. सोळानंतर हार्मोन देण्याची वाट अहवालाने बंद केली नाही, पण अठराच्या आत देताना कमालीची सावधगिरी आणि ठोस वैद्यकीय कारण हवं असं सांगितलं.

त्यातली एक नोंद मला सगळ्यात जास्त खटकते. जीआयडीएसमधून बाहेर पडलेल्या सुमारे ९,००० तरुणांचं पुढे काय झालं, हे प्रौढांच्या क्लिनिकांतल्या नोंदी जोडून पाहायचं ठरलं होतं. त्यासाठी खास कायदेशीर मुभाही मिळवली होती. सातपैकी सहा प्रौढ क्लिनिकांनी सहकार्य केलं नाही. जो प्रश्न तुम्ही मला विचारता आहात, त्याचं ब्रिटिश उत्तर त्या कपाटांत होतं, आणि अहवालाला ते मिळालं नाही. डॉक्टर म्हणून मला याची शरम वाटते.

आणखी एक आकडा तुमच्या कामाचा. २०१८ ते २०२२ मध्ये सेवेतून बाहेर पडलेल्या ३,३०६ मुलांपैकी सुमारे २७ टक्केच हार्मोनतज्ज्ञांकडे पाठवली गेली होती. क्लिनिकमध्ये पाऊल टाकलं की इंजेक्शन, अशी भीती असेल तर ती सोडा.

मग बंदी पुराव्याची की राजकारणाची? क्रम पाहा. मार्च २०२४ मध्ये एनएचएसने नेहमीच्या उपचारातून ब्लॉकर काढले, ते पुराव्याच्या जोरावर. मे २०२४ मध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह सरकारने खासगी डॉक्टरांवर तातडीची बंदी घातली, डिसेंबर २०२४ मध्ये लेबर सरकारने ती बेमुदत केली, २०२७ मध्ये फेरविचार होईल. दोन्ही पक्षांनी तेच केलं म्हटल्यावर नुसतं राजकारण म्हणता येत नाही. पण निवडणुकीच्या वर्षात हा विषय जितका वापरला गेला तितका तो औषधशास्त्राचा राहिला नाही, हेही खरं. स्वीडन आणि फिनलंडच्या आरोग्य संस्थांनी कास अहवालाच्या आधीच हात आखडता घेतला होता. जर्मनीतल्या वैद्यकीय संघटनांनी २०२५ मध्ये तोच पुरावा पाहून अधिक मोकळी मार्गदर्शक तत्त्वं दिली. अमेरिकेत वीसहून अधिक राज्यांनी कायद्यानेच बंदी घातली आणि जून २०२५ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने टेनेसीची बंदी सहा विरुद्ध तीनने वैध ठरवली. विधानसभेत बसून एखाद्या मुलाचा उपचार ठरवणं मला पटत नाही. मात्र दवाखान्यांनी स्वतःचा हिशेब वेळेवर मांडला असता तर आमदारांना तिथे शिरायला जागा मिळाली नसती.

भारतातून ब्लॉकर मागवू नका. अठराखालच्या मुलासाठी नियम मोडून आलेलं हे औषध आहे हे माहीत असताना ते जवळ बाळगणंही इथे गुन्ह्यात बसू शकतं. इंटरनेटवरून टेस्टोस्टेरॉन जेल मागवणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यात रक्त घट्ट झालं, यकृत बिघडलं तरी कोणी तपासत नसतं. लेकराने असं काही आणलं असेल तर ओरडू नका, जीपीला सांगा आणि रक्ततपासणी करून घ्या.

राहिला पस्ताव्याचा प्रश्न. आकडे देतो, पण त्याआधी एक गाठ सोडवू. औषध थांबवणं वेगळं, पस्तावणं वेगळं, आणि 'मी जन्माच्याच लिंगाचा आहे' असं पुन्हा वाटणं वेगळं. कोणी खर्च झेपेना म्हणून थांबतं, कोणी घरच्यांच्या दडपणाने, कोणाला हवा तेवढा आवाज बदलला म्हणून थांबावंसं वाटतं. हे सगळे एकाच टोपलीत टाकले की कोणालाही हवा तो आकडा काढता येतो.

अॅमस्टरडॅममध्ये १९७२ ते २०१५ या काळातल्या ६,७९३ जणांच्या नोंदीत अंडाशय किंवा वृषण काढल्यानंतर पस्तावलेले एक टक्क्याहून कमी. तिथेच पौगंडावस्थेत औषध सुरू केलेल्या ७२० जणांपैकी ९८ टक्के पुढेही हार्मोन घेत होते. अमेरिकन लष्कराच्या आरोग्य योजनेत मात्र चार वर्षांनी हार्मोन चालू असलेले सुमारे ७० टक्केच दिसले, बाकीचे का थांबले ते नोंदीत नाही. एका इंग्लिश प्रौढ क्लिनिकच्या १७५ जणांत १२ परत फिरलेले. जुन्या डच आकड्यांत एक मेख आहे: ज्यांनी पस्तावा सांगितला त्यांना तो सांगायला सरासरी दहा वर्षांहून जास्त लागले. आणि त्यांच्यात बहुतेक प्रौढ वयात, कडक चाळणीतून आलेले. पंधराव्या वर्षी त्रास सुरू झालेल्या आजच्या मुलांची दहा वर्षं अजून पुरी व्हायची आहेत. म्हणून 'एक टक्का' म्हणणाराही आणि 'तीस टक्के' म्हणणाराही तुमच्या लेकराबद्दल बोलत नाही.

परत फिरलेल्यांपैकी १०० जणांना विचारलेल्या २०२१ च्या एका पाहणीत फक्त २४ जणांनी आपल्या डॉक्टरला ते कळवलं होतं. ही पाहणी समाजमाध्यमांतून लोक गोळा करून केलेली, त्यामुळे तिच्यावरून टक्केवारी काढू नये. पण ही एक गोष्ट मला रोजच्या कामावरून पटते. परत फिरलेला माणूस त्याच क्लिनिकच्या पायऱ्या चढायला लाजतो. एकीकडे जुने मित्र त्याला फितूर म्हणतात, दुसरीकडे ज्यांना ट्रान्स माणसंच नको आहेत ते त्याला व्यासपीठावर उभं करतात. दरम्यान त्याला हवं असतं ते साधं असतं: टेस्टोस्टेरॉन कसं सोडायचं, पाळी परत येईल का, दाढीचे केस कसे काढायचे. पाळी बहुधा परत येते. घोगरा झालेला आवाज जात नाही, स्पीच थेरपीने थोडा हलका करता येतो. चेहऱ्यावरचे केस राहतात. स्तन काढले असतील तर पुढे बाळाला पाजता येत नाही. अंडाशय शाबूत असतील तर मूल होऊ शकतं, पण खात्री कोणी देत नाही.

आणि ज्यांना औषधाने बरं वाटलं, तेही माझ्या ओळखीत आहेत. नोकरी करतात, संसार करतात, दिवाळीला फराळाचे फोटो पाठवतात. त्यांना या वादात सतत पुरावा म्हणून हजर व्हावं लागतं, त्याचा त्यांना कंटाळा आला आहे. तुमचं लेकरू कोणत्या वाटेने जाईल हे मला सांगता येत नाही, आणि जो सांगेल त्याच्यापासून जरा जपून राहा.

'औषध दिलं नाही तर जीव देईल' या वाक्याबद्दल. ब्लॉकरवर निर्बंध आल्यावर आत्महत्या प्रचंड वाढल्या असा दावा झाला होता. सरकारचे आत्महत्या-प्रतिबंध सल्लागार लुई अॅपलबी यांनी जुलै २०२४ मध्ये आकडे तपासले, त्या दाव्याला आधार सापडला नाही. या मुलांमध्ये धोका सर्वसाधारण मुलांपेक्षा जास्त असतो, पण त्यात नैराश्य, शाळेतला छळ, घरातली तेढ असं पुष्कळ गुंतलेलं असतं. तेव्हा धमकावणीपोटी औषधाचा निर्णय घेऊ नका, आणि लेकराने मरणाचं काही बोललं तर ते नाटक समजू नका. सरळ विचारा. विचारल्याने कल्पना डोक्यात शिरत नाही. रात्री-अपरात्री १११ ला फोन करून मानसिक आरोग्याचा पर्याय २ निवडा, जीवाला धोका वाटला तर ९९९.

आत्ता करायचं ते असं. ऑटिझमच्या तपासणीचा पाठपुरावा करा, कारण ऑटिझम असला म्हणून लेकराचं म्हणणं खोटं ठरत नाही, पण त्याला समजावायची पद्धत पूर्ण बदलते. सपाट दिसावी म्हणून छाती घट्ट बांधत असेल तर किती तास बांधतं ते विचारा, झोपताना आणि खेळताना नको. सप्टेंबर २०२४ पासून जेंडर सेवेकडे जीपी थेट पाठवू शकत नाही, कॅम्स किंवा बालरोग विभागातूनच जावं लागतं. तेव्हा आमच्यासारख्यांची भेट चुकवू नका. नावाबद्दल घरी भांडण चाललं असेल तर माझं मत सांगतो: कास अहवाल म्हणतो की नाव-सर्वनाम बदलणं ही अगदी बिनपरिणामाची गोष्ट नाही, आणि लहान मुलांत मी ते जपूनच करतो. पण पंधरा वर्षांचं लेकरू रोज जेवणाच्या ताटावर हरावं यात काही मिळत नाही. नवीन नावाने हाक मारलीत म्हणून तुम्ही कशावर सही केली असं होत नाही.

साताऱ्याला पाठवायचं म्हणाल, तर सुट्टीत आजी-आजोबांना भेटायला जरूर पाठवा. 'ठीक करायला' पाठवू नका. मद्रास हायकोर्टाच्या आदेशानंतर भारताच्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये अशा 'सुधारणा' उपचाराला व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे. जो डॉक्टर ते करायला तयार असेल तो आपल्या नोंदणीवर पाणी सोडायला तयार आहे, असं सासऱ्यांना सांगा. कायद्याची भाषा त्यांना पटकन पोचेल.

आणि पुढे सोळा-सतराला हार्मोनचा विषय निघालाच, तर नियम तोवर बदललेले असतील, तेव्हाचे विचारा. टीमला लेकराशी तुमच्याशिवाय बोलायला वेळ द्या, आणि तुम्हाला लेकराशिवाय बोलायला वेळ मागा. बीजांडं गोठवून ठेवायची सोय आहे का, पैसे कोण देणार, हाडांची तपासणी किती महिन्यांनी, कोणते परिणाम कायमचे आणि कोणत्या गोष्टी त्यांनाच माहीत नाहीत, हे लेखी मागा. शेवटी विचारा, सहा महिन्यांनी थांबावंसं वाटलं तर फोन कोणाला करायचा? नाव आणि नंबर मिळाला नाही तर त्या दिवशी सही करू नका, पुढची तारीख मागून घ्या.